‘पान लागलं’ या दोन शब्दांचं रेकॉर्डिंग

पत्रक लिहायला मला एकोणिसाव्या वर्षी शिकवलं. पहिल्या ओळीत कोण मेलं ते सांगायचं, दुसऱ्या ओळीत कुणामुळं मेलं ते, तिसऱ्या ओळीत लोकांनी कुठं आणि किती वाजता जमायचं ते. विशेषणं गाळायची, नाव गाळायचं नाही. पाच वर्षं मी तेच केलं आणि मला त्याचा माज होता. त्या पाच वर्षांतलं एक पत्रक असं आहे की त्यातला शब्दन् शब्द खरा आहे आणि तरी ते पत्रक खोटं आहे. ते मीच लिहिलं.

मी तेव्हा वरवंडला राहायचे. आमची संघटना दौंड आणि शिरूर अशा दोन तालुक्यांत आरोग्याच्या प्रश्नावर काम करायची. जीपनं चौफुला, तिथून न्हावऱ्याच्या रस्त्यानं शिरूरची एसटी, असं माझं आठवड्यातून तीनदा चालायचं. शिरूर तालुक्यातल्या एका गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात दर गुरुवारी आमचं बायकांचं शिबिर भरायचं. गावाचं नाव लिहीत नाही. त्या केंद्राचा मेडिकल ऑफिसर सकाळी सही करायला यायचा आणि शिरूरच्या स्वतःच्या दवाखान्यात जाऊन बसायचा. हे गावाला माहीत होतं, पंचायत समितीला माहीत होतं, आम्हाला माहीत होतं. केंद्र चालवायचे ते इंटर्न, म्हणजे एमबीबीएसची शेवटची परीक्षा दिलेली, वर्षभर उमेदवारी करणारी पोरं. शहरातल्या कॉलेजातून त्यांना काही महिने खेड्यात पाठवायचे. शिकवायला कुणी नाही, विचारायला कुणी नाही. पाण्यात ढकलायचं आणि पोहणं शिकवलं म्हणायचं.

त्या पावसाळ्यात आलेली इंटर्न ठाण्याची होती. मराठी घरातली, मराठी बोलणारी. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर सगळे म्हणाले की तिला भाषा येत नव्हती.

ती येऊन चौथा दिवस होता. आप्पा आपल्या बायकोला घेऊन आले. आप्पा पन्नाशीचे, धनगर. त्यांच्या बापापर्यंत घरात मेंढरं होती. आप्पांनी ती विकून विहीर काढली, ऊस लावला. त्यांची बायको सकाळी चुलीसाठी गोवऱ्या काढायला उडव्यापाशी गेली आणि तिच्या पायाला काहीतरी डसलं. टोचल्यासारखं झालं, म्हणाली. सूज नाही, रक्त नाही. पाऊण तासानं पोटात दुखायला लागलं आणि ओकारी झाली, तेव्हा आप्पांच्या लेकानं फटफटीवर मधे बसवून आणलं.

आमच्याकडं साप चावला असं म्हणत नाहीत. ज्याला चावलाय त्याच्यासमोर तर नाहीच नाही. नाव घेतलं की विष चढतं, असं मानतात. ‘पान लागलं’ म्हणतात. अगदीच फोड करायची वेळ आली तर ‘लांबडं’ किंवा ‘जनावर’. रानोमाळ मेंढरं हिंडवलेल्या घरांत हा नेम फार कडक. आप्पांनी मेंढरं विकली, नेम नव्हता विकला.

पुढचं बोलणं मला आप्पांनी सांगितलं आणि नंतर तिनंही सांगितलं. दोघांचं तंतोतंत जुळतं.

आप्पा म्हणाले, “म्याडम, हिला पान लागलंय.”

तिनं बाईंच्या तोंडात पाहिलं. जीभ लाल, दाढेखाली तंबाखूचा चोथा. तिनं विचारलं, “किती खाल्ली?”

“खाल्ली न्हाई वो. लागलं.”

“तेच विचारतेय. रोजच्यापेक्षा जास्त झाली का?”

 आप्पांना वाटलं, शिकलेली बाई आहे, आजाऱ्यासमोर नाव निघू नये म्हणून तीही आडून बोलतेय. त्यांनी मान हलवली. तिनं ओकारीचं इंजेक्शन दिलं, साखरपाणी पाजलं आणि पडून राहू द्या म्हणाली. केंद्रातली सिस्टर असती तर एका शब्दात उलगडा झाला असता, पण सिस्टर वस्त्यांवर पोलिओचे डोस पाजायला गेली होती. तासाभरानं बाईंच्या पापण्या उघडेनात. बाकावर बसलेली एक म्हातारी न राहवून म्हणाली, अगं बये, हिला लांबडं डसलंय. तेव्हा ती पोरगी लस काढायला फ्रिजकडं धावली.

फ्रिजला कुलूप होतं. किल्ली मेडिकल ऑफिसरच्या खिशात, शिरूरला. फोन लागला, पण तो पेशंट तपासत होता आणि कुणी निरोप आत दिला नाही. आप्पांचा लेक फटफटीवर शिरूरला गेला आणि किल्ली घेऊन आला. सव्वा तास. लस दिली, जीपमध्ये घातलं, पुण्याच्या रस्त्याला लागले. तळेगाव ढमढेऱ्याच्या अलीकडं श्वास थांबला.

मी दुसऱ्याच दिवशी आप्पांकडं जाऊन आले आणि बसल्या बैठकीला पत्रक लिहून काढलं. पहिल्या मसुद्यात दोन्ही गोष्टी होत्या. शब्द कळला नाही म्हणून एक तास गेला. किल्ली नव्हती म्हणून सव्वा तास गेला. मसुदा मी आमच्या भाऊंना दाखवला. भाऊ म्हणजे संघटनेतले सगळ्यांत जुने, आम्हा सगळ्यांना पत्रक शिकवलेले. त्यांनी पेन घेतलं आणि किल्लीचा परिच्छेद उभ्या रेघेनं काढला. मी भांडले. ते शांतपणे म्हणाले की व्हरांडा मेडिकल ऑफिसरच्या परवानगीनं आहे, शिबिर बंद पडलं तर चाळीस बायकांचं नुकसान. आधी पोरीचं घेऊ, मग त्याच्याकडं वळू. मला ते पटलं नव्हतं. पण मी मान डोलावली. ‘मग’ हा शब्द चळवळीत फार वापरतात.

मथळा माझाच होता: ‘बाईला पान लागलं, डॉक्टरीण विचारते किती खाल्ली?’ खाली त्या पोरीचं पूर्ण नाव, ठळक अक्षरांत. तळेगावच्या आठवडे बाजारात मी ते स्वतःच्या हातानं वाटलं. लोक वाचून हसायचे. मेलेल्या बाईवर नाही, त्या पोरीवर. भाजीवाल्या एकमेकींना म्हणायच्या, आगं आज मेथी लागली का गं तुला, किती खाल्ली? मला तेव्हा ते माझं यश वाटलं.

चौकशी झाली. तिची इंटर्नशिप लांबवली, उरलेली पोस्टिंग दौंड तालुक्यात टाकली. चौकशीत केंद्रातर्फे साक्ष कुणी दिली? मेडिकल ऑफिसरनं. तो म्हणाला, नवीन मुलांना ग्रामीण भागाची जाण नसते. त्याला होती म्हणे.

एका रविवारी ती वरवंडला माझ्या खोलीवर आली. हातात माझंच पत्रक, घडीवर फाटलेलं. मी ताठ बसले. आता रडेल किंवा भांडेल, दोन्हीची उत्तरं माझ्याकडं तयार होती. ती म्हणाली, “ताई, यात लिहिलंय ते मी बोललेय. मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही. माझ्यानंतर जे येतील त्यांना हे शब्द कोण सांगणार, एवढंच विचारायला आलेय.”

तिचं म्हणणं सरळ होतं. तिच्या मोठ्या भावानं परदेशातून एक बोटाएवढं यंत्र पाठवलं होतं, त्यात गाणी ऐकता यायची आणि आवाज भरताही यायचा. तिकडं म्हणे डॉक्टरकी शिकणारी पोरं असे भरलेले पाठ येता-जाता ऐकतात, त्याला पॉडकास्ट म्हणतात. आपल्याकडं इंटर्न लोकांकडं इंटरनेट कुठलं, पण नवे मोबाइल होते, त्यांत नखाएवढं मेमरी कार्ड बसायचं. शिरूर स्टँडसमोरच्या दुकानात त्यात गाणी भरून मिळायची. गाण्यांसोबत हे भरून द्यायचं. पाच-पाच मिनिटांचं एक, एका वेळी एकच शब्द, आणि तो शब्द बोलणाऱ्याच्याच तोंडून. पुस्तक दिलं तर ट्रंकेत जाईल, हे ती स्वतःवरून सांगत होती.

मी म्हटलं, तुम्हाला माझीच मदत का पाहिजे? ती म्हणाली, लोक तुमच्याशी बोलतात. माझ्याशी कोण बोलेल, तुम्ही माझं नाव घराघरात पोचवलंय. तिरकं बोलली नाही ती. जसं आहे तसं बोलली, आणि ते जास्त लागलं.

मग दोन महिने आम्ही दोघी हिंडलो. यवत, वरवंड, तळेगाव, मधल्या वाड्या. सिस्टर पहिल्यांदा बोलली. तिनं एका दमात सांगितलं की ‘अंगावरून जातंय’ म्हणजे बाईचा तो त्रास, आणि ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणजे लकवा, आणि ‘अंगावर काढलं’ म्हणजे आठ दिवस दवाखान्यात न येता सोसलं. तीन अंगं, तीन अर्थ, आणि नवा डॉक्टर तिन्हीला टॉनिक लिहून देतो. बायका यंत्राला हसायच्या. पॉडकास्ट त्यांच्या तोंडी पोटकास्ट झालं. एकीनं मला बाजूला घेऊन विचारलं, पोटाचंच हाय न्हवं, मग माझ्या गुडघ्याचं बोलू का नको?

ती पोरगी ऐकायची कशी, हे मी पाहत होते. मी बोलायला गेले की भाषण करायचे. ती एक प्रश्न विचारायची आणि गप्प बसायची. वही नाही, मान डोलावणं नाही. बाई बोलून थांबली तरी ती थांबायची, आणि मग खरं ते निघायचं. मला वाटायचं, हे ऐकणं तिला कुठल्या किमतीला आलंय हे मला माहीत आहे, आणि त्या किमतीवर नाव छापून मी बाजारात वाटलंय.

आप्पांकडं जायला ती घाबरत होती. मीच आधी जाऊन विचारलं. ते म्हणाले, आणा तिला.

ते तिला काही बोलले नाहीत. ‘बस, बाळ’ म्हणाले. सुनेनं चहा आणला. तिला सातवा महिना होता. आप्पांनी यंत्र तळहातावर धरलं आणि पाखराशी बोलावं तसं त्याच्याशी बोलले. “पान लागलं म्हंजी,” असं म्हणून थांबले. त्या यंत्रातसुद्धा त्यांना ते नाव घेववेना. मग म्हणाले, “पायाला बघायचं. खाल्लं का इचारायचं न्हाई, पाय बघायचा. तुमाला समजलंच आसंल.” आणि न विचारता पुढं सांगितलं: लस फ्रिजात होती, किल्ली शिरूरला होती, लेक किल्ली आणायला गेला तवा ती अजून माझ्याकडं बघत होती. रेकॉर्डिंग सहा मिनिटं आणि काही सेकंदांचं झालं. त्यात चूक काढायला एक जागा नव्हती. मी आयुष्यात तसं पत्रक लिहिलेलं नाही.

परवानगीशिवाय इंटर्नना काही देता येत नव्हतं, म्हणून आम्ही पुण्याला त्यांच्या पोस्टिंगवर देखरेख करणाऱ्या साहेबांकडं गेलो. साहेबांनी कॉम्प्युटरला जोडून दोन ऐकली. कल्पना चांगली आहे म्हणाले. मग दुरुस्त्या सांगितल्या. उच्चार ग्राम्य आहेत, निवेदकाकडून शुद्ध मराठीत वाचून घ्या. ‘पान लागलं’ काढा, ‘सर्पदंश’ म्हणा, डॉक्टरला कळलं पाहिजे. मी म्हटलं, पेशंट सर्पदंश म्हणत नाही, साहेब. ते म्हणाले, मग पेशंटला शिकवा, तुमची संघटना कशाला आहे? आणि ते किल्लीचं वगैरे कुणाच्या शिक्षणात बसत नाही, ते वगळा.

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. तिनं माझ्या दंडाला हात लावला आणि त्यांना म्हणाली की शब्द आणि आवाज राहू द्या, तेवढं आम्हाला महत्त्वाचं आहे. निवेदक वर शुद्ध मराठीत अर्थ सांगेल. किल्लीबद्दल ती बोललीच नाही. साहेब घड्याळ बघत ‘बघा’ म्हणाले. सरकारी ‘बघा’ म्हणजे अर्धी परवानगी. बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, किल्ली सोडलीस? ती म्हणाली, सोडली नाही. त्यांचा शेवटचा शब्द ‘बघा’ होता, ‘वगळा’ नव्हता, तोवर भरून टाकू.

आठवड्याभरात आप्पांचा निरोप आला. मी एकटीच गेले. ते दारात उभे होते, आत या म्हणाले नाहीत. त्यांचा आवाज पुसून टाका म्हणाले.

पुण्यातून शिरूरला बातमी पोचली होती. मेडिकल ऑफिसरनं आप्पांना दमदाटी केली नव्हती. रस्त्यात गाडी थांबवून त्यानं विचारलं होतं, आप्पा, रागवलाय का माझ्यावर? सूनबाई बरी आहे ना? एवढंच.

मी आप्पांवर चिडले. मी त्यांना म्हणाले की तुमच्या बायकोपेक्षा तुम्हाला तो डॉक्टर मोठा झाला. असं बोलायला मला संघटनेत शिकवलेलं होतं, माणूस लाजला की हलतो म्हणून.

आप्पा लाजले नाहीत. म्हणाले, “ताई, सुनंला कळा लागल्या तर शिरूरला त्येच्या दवाखान्याशिवाय मला जागा न्हाई. तवा तुमचं पत्रक दाखवू व्हय तिला? आन् तुमी तरी त्येचं नाव कुठं लिवलं व्हतं? आमी समदं वाचलंय.”

मग ते आत गेले. मी त्यांच्या अंगणात उभी होते. गोवऱ्यांचा उडवा त्यांनी हलवून दुसऱ्या बाजूला रचला होता.

त्या पोरीला मी हे सांगितलं. अर्धं सांगितलं, आप्पा शेवटी काय म्हणाले ते गाळलं. तिनं आप्पांचा आवाज माझ्यासमोर पुसला. मग त्या रात्रीत की दुसऱ्या दिवशी, माहीत नाही, तिनं तो भाग स्वतःच्या आवाजात भरला आणि मला ऐकवायला आणला. स्वतःचं नाव घेऊन सुरुवात केली होती. मला एक माणूस म्हणाला, पान लागलंय. मी विचारलं, किती खाल्ली. मराठी माझी मातृभाषा आहे आणि मला तो शब्द माहीत नव्हता. माहीत नाही असं म्हणायची मला लाज वाटली, म्हणून मी एक तास घालवला. तुम्ही लाजू नका. पाय बघा. असं साडेतीन मिनिटं.  तिचं नाव तिनं माझ्यापेक्षा ठळक घेतलं होतं.

मी विचारलं, आणि किल्ली?

“ते मी बोलले तर सबब होईल, ताई. आप्पांना बोलता येत नाही. तुम्ही बोला. दोन वाक्यं आहेत. लस होती, किल्ली नव्हती. आणि तुम्हाला ते तेव्हाच माहीत होतं.”

ती हे आरोप म्हणून बोलली नाही. तिच्या हिशोबात ते साक्षीला लागणारं वाक्य होतं, एवढंच. कोण बोलतंय आणि का बोलतंय, हे ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे, असं तिचं सगळ्याच रेकॉर्डिंगबद्दल म्हणणं असायचं.

मी म्हटलं, भाऊंना विचारून सांगते.

विचारलं. भाऊ म्हणाले, शब्द पोचतायत ना? मग झालं. शिबिर चालू राहू दे. शिवाय संघटना आपलंच पत्रक कसं खोडणार, उद्या आपल्या कुठल्या पत्रकावर कोण विश्वास ठेवेल? मला आत कुठंतरी बरं वाटलं, हे मी कबूल करते. ज्या पोरीनं साडेतीन मिनिटांत स्वतःला नागवं केलं, तिच्या शेजारी दोन वाक्यांत उभं राहायचं माझं धाडस नव्हतं, आणि भाऊंनी मला त्यातून सोडवलं. मी भाऊंचा राग राग केला आणि त्यांच्या निर्णयाचा आसरा घेतला.

नव्या इंटर्नची तुकडी येणार होती त्याच्या आदल्या दिवशी आम्ही शिरूरला गेलो. स्टँडसमोरचं ते दुकान म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि काचेवर चिकटवलेले नट्यांचे फोटो. दुकानदार तोंडात गुटखा धरून बोलायचा. भक्तिगीतं पायजेत का नवी हिंदी, असं त्यानं सवयीनं विचारलं. तिनं यंत्र पुढं केलं आणि सांगितलं की यातलं सगळं, आठ कार्डांवर. त्यानं एक उघडून ऐकलं. सिस्टरचा आवाज होता. हे काय, शेळीपालन हाय का, म्हणाला. ती हसली, बऱ्याच दिवसांनी.

वायर जोडायच्या आधी तिनं ते यंत्र उचलून माझ्यापुढं धरलं. आवाज भरायचं तांबडं बटण वर होतं. बाजूच्या बोळात आवाज कमी होता, तिथं दोन मिनिटं उभं राहिलं असतं तर भरून झालं असतं.  ती नुसती थांबली, बायका बोलून झाल्यावर थांबायची तशी.

“भाऊ नको म्हणाले,” मी म्हटलं.

“भाऊंना मी विचारलं नव्हतं.”

मी रस्त्याकडं बघितलं. स्टँडवर चौफुल्याची गाडी लागत होती, कंडक्टर दार बडवत होता. हजारो लोकांपुढं माइकवर बोललेली मी, पण त्या बोटभर यंत्राला हात लावला नाही. दोन वाक्यं. दोन्ही पाठ होती, पहिल्या मसुद्यापासून.

दुकानदारानं विचारलं, “म्याडम, टाकू का?”

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. यंत्र त्याच्या टेबलावर ठेवलं.

“टाका,” म्हणाली.